पिस्तुलावरचा ओरखडा घालवताना या चुका टाळा

स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, चकचकीत रेघ दिसली की हात आपोआप पॉलिश पेपरकडे जातो. जरा थांबा. आधी मॅगझीन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटानं खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

आता त्या रेघेवरून नख फिरवा. गोळी झाडल्यावर रिकामी पुंगळी बाहेर पडते तिथं तिचं पितळ घासून सोनेरी डाग उमटतो. नख अडकत नसेल, तर तेल आणि मऊ फडकं एवढंच बहुतेक वेळा पुरतं. चरा नसलेल्या जागी लोक पेपर घासतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पोलादावरचा तो निळसर काळा थर रंगाचा नसतो. ब्ल्यूइंगमध्ये, म्हणजे हा थर चढवताना, पोलादाच्याच पृष्ठभागाचा मॅग्नेटाइट (लोखंडाचा काळा ऑक्साइड) होतो, आणि तो थर अगदी पातळ असतो. पितळेची भांडी चिंचेनं, लिंबानं लखलखतात. इथं तीच आंबटाई थर खाऊन टाकते. व्हिनेगरचंही तेच. धातूच्या फ्रेमला, म्हणजे पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्याला, लोहचुंबक चिकटत नसेल, तर ती बहुधा अॅल्युमिनियमची असते. तिच्यावर पोलादाचं कोल्ड ब्ल्यू, म्हणजे चरा काळसर करणारं बाटलीतलं द्रावण, चढत नाही.

नख अडकलं, तर तो खरा चरा, आणि तिथं कोल्ड ब्ल्यू लावायचं. ते डागाळतं ते बहुतेकदा तेलकटपणामुळे. चरा अॅसिटोननं पुसा आणि मग तिथं उघडं बोट लावू नका. कापसाच्या काडीनं फक्त चऱ्यावर लावा, बाटलीवर लिहिलेल्या वेळेनंतर पुसा, गरज पडली तर पुन्हा लावा. एकदम भरपूर ओतू नका. यात सेलेनियमची विषारी संयुगं असतात, म्हणून हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि स्वयंपाकघरात हे काम करू नका. छटा तंतोतंत जुळत नाही. मोठा भाग खराब झाला असेल, तर परवानाधारक गनस्मिथकडेच द्या.

नंबर कोरलेल्या जागेला मात्र हात लावू नका. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 8 नुसार ओळखचिन्ह खोडणं किंवा बदलणं गुन्हा आहे.

शेवटी खोबरेल लावू नका. पुण्याच्या थंडीत ते गोठतं आणि पुढे चिकट होतं. बंदुकीचं पातळ तेल लावा. पावसाळ्यात पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. दोन दिवसांनी दुरुस्त केलेली जागा उजेडात पाहा. तांबूस ठिपका दिसला, तर तेलाच्या फडक्यानं लगेच पुसा.