लांबच्या गावात आपली भाषा टिकवायची असेल तर नेमकं काय करायचं

तुमचे पूर्वज कधीतरी दुसऱ्या देशातून येऊन एका आडबाजूच्या गावात वसले, म्हातारी माणसं अजून जुनी भाषा बोलतात, पण पोरं आपापसात देशाची मोठी भाषाच बोलतायत, असं असेल तर हे तुमच्यासाठी लिहितोय. अशा वेळी बहुतेक जण आधी आठवड्याला एक क्लास काढतात. क्लास जरूर काढा, पण नुसतं शिकवून भाषा टिकत नाही असं माझं ठाम मत आहे. तिला रोजचं काम पाहिजे, म्हणजे गावात अशी चार कामं पाहिजेत जी त्याच भाषेत होतात.

सुरुवातीला वही घ्या आणि घरोघरी जा. "भाषा येते का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. आजी नातवाशी काय बोलते, नातू उत्तर कशात देतो, भावंडं भांडतात कशात, हे विचारा आणि जमलं तर थोडा वेळ बसून ऐका. गावातलं सगळ्यात लहान बोलणारं मूल किती वर्षांचं आहे ते शोधून काढा, कारण त्याच्या खालच्या वयात साखळी तुटलेली आहे आणि जोर तिथंच लावायचा आहे. भाषा चाळीशीच्या माणसांपर्यंतच येऊन थांबली असेल तर प्लॅन वेगळा लागतो, तो पुढे सांगतो.

आता घर. आईबाबांपैकी एकानं बोललं तरी पोर आपोआप शिकेल असं खूप जणांना वाटतं, पण तसं नेहमी होत नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात ॲनिक डी हाऊवर या भाषातज्ज्ञ बाईंनी सुमारे १९०० कुटुंबांची पाहणी केली होती, ज्यात घरात कोणीतरी डचशिवाय दुसरी भाषा बोलत होतं, तरी जवळपास पाव घरांत मुलं ती दुसरी भाषा बोलतच नव्हती. जिथं दोघंही छोटी भाषा बोलत होते आणि मोठी भाषा फार तर एकच जण, तिथं निकाल सगळ्यात चांगला होता. मोठी भाषा पोरं शाळेत, टीव्हीवर, मित्रांत शिकणारच आहेत, तिची काळजी करू नका. पोरानं मोठ्या भाषेत उत्तर दिलं तर रागवायचं नाही, त्याचंच वाक्य आपल्या भाषेत म्हणायचं आणि गप्पा पुढे न्यायच्या. सून किंवा जावई बाहेरचा असेल तर बाळ यायच्या आधीच त्यांना शिकवायला घ्या, नाहीतर जेवायला बसल्यावर त्यांच्यासाठी म्हणून सगळं घर मोठ्या भाषेत बोलायला लागतं आणि ती सवय मग मोडत नाही.

शाळेआधीच्या वयासाठी न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी १९८२ मध्ये जे सुरू केलं ते बघण्यासारखं आहे. ते काही बाहेरून आलेले नाहीत, पण 'कोहांगा रेओ' ही त्यांची पद्धत छोट्या गावाला छान बसते. दोनतीन आज्या, एक खोली, पाचसहा पोरं, रोज सकाळी काही तास. धडे नाहीत, फक्त खाणं, खेळणं, आवरणं, झोपणं, आणि नियम एकच की त्या खोलीत दुसरी भाषा नाही. याला पैसा कमी लागतो पण चिकाटी भयंकर लागते.

आता तो वेगळा प्लॅन, भाषा चाळीशीपाशी थांबली असेल तेव्हाचा. तिथं मधल्या पिढीला कळतं पण बोलता येत नाही. त्यांच्यासाठी जोड्या लावा, एक म्हातारं माणूस आणि एक तरुण. कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांनी १९९० च्या दशकात हेच केलं, आठवड्यातले ठरलेले तास एकत्र स्वयंपाक, बागकाम, दुरुस्ती, आणि बोलणं फक्त जुन्या भाषेत, अडलं तर हातवारे करून. व्याकरण नंतर बघता येतं.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायचीय. चुका काढू नका, हसू तर अजिबात नका. तरुण पोरगी धीर करून एक वाक्य बोलते आणि कोणीतरी काका म्हणतात "हे काय आपलं खरं बोलणं नाही", की ती परत तोंड उघडत नाही. भेसळीची भीती तर सोडूनच द्या. ब्राझीलच्या दक्षिणेत १८७५ पासून उत्तर इटलीतले वेगवेगळ्या बोलींचे लोक आले, त्या बोली एकमेकींत मिसळल्या, पोर्तुगीज शब्द शिरले आणि त्यातून तालियान तयार झाली, तिला २०१४ मध्ये ब्राझीलनं सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्याच देशात वार्गास यांच्या राजवटीत, १९३० च्या दशकाच्या शेवटी, अशा भाषांवर शाळेत आणि बाहेरही बंदी होती, लोकांना शिक्षा झाल्या. त्यामुळे तुमच्या गावातलं एखादं म्हातारं माणूस बोलायला टाळत असेल तर त्यामागे अशीच भीती किंवा लाज असू शकते, त्याच्याशी हळू घ्या, कॅमेरा पहिल्या दिवशी काढू नका.

गावाची कामं वाटून घ्या. प्रार्थना, गाण्याचा सराव, पोरांच्या टीमचं कोचिंग, गावाचा मेसेज ग्रुप, दुकानाची पाटी, यातलं जे जमेल ते कायमचं आपल्या भाषेत. अर्जेंटिनाच्या चुबुत भागात १८६५ मध्ये वेल्समधून दीडशेच्या आसपास माणसं आली, त्यांची वेल्श भाषा चर्चनी आणि गाण्याकवितांच्या स्पर्धांनी खूप काळ धरून ठेवली. पुढे स्पॅनिश वरचढ झाली, पण १९९७ पासून दरवर्षी वेल्समधून शिक्षक येतात आणि आता तिथं दोन्ही भाषांत चालणाऱ्या शाळा आहेत. मूळ देशाशी अशी ओळख काढता येत असेल तर पत्र लिहाच, फक्त येणाऱ्या शिक्षकाला आधीच सांगा की आमची बोली आहे तशी राहू दे.

काहींना मूळ देशच उरलेला नसतो. पोमेरेनिया या बाल्टिक समुद्राकाठच्या जुन्या जर्मन प्रदेशाचा बराच भाग आज पोलंडमध्ये आहे आणि तिथली जुनी बोली दुसऱ्या महायुद्धानंतर जवळजवळ संपली, पण तिथून येऊन वसलेल्यांमुळे ब्राझीलच्या एस्पिरितो सान्तो राज्यातल्या डोंगरांत ती अजून बोलली जाते. तिथं २००५ पासून ती शाळेत शिकवायचा कार्यक्रम आहे, २००६ मध्ये शब्दकोश आला, आणि सान्ता मारिया दे जेतिबा या गावात २००९ मध्ये तिला पोर्तुगीजच्या जोडीनं अधिकृत दर्जा मिळाला. म्हणजे नगरपालिकेपर्यंत जाता येतं, पण बोलणारी माणसं आणि शिकवायचं साहित्य हातात असलं की अर्जाला वजन येतं.

स्पेलिंगवर मात्र वर्षं घालवू नका, पोरं शाळेत जी लिपी शिकतात तीच घ्या, फोनच्या कीबोर्डवर टाईप होईल असं बघा, एक पद्धत ठरवा आणि पुढे चला.

रेकॉर्डिंग आजपासून सुरू करा. परवानगी विचारायची, कोण बोलतंय, कुठं, कोणत्या तारखेला हे सुरुवातीलाच आवाजात बोलून ठेवायचं, पंखा टीव्ही बंद, फोन तोंडाजवळ. नुसत्या गोष्टी नकोत, भांडण, भाव करणं, रस्ता सांगणं, लहान बाळाला समजावणं हेही घ्या, कारण उद्या शिकणाऱ्याला हेच लागतं. फाईलच्या तीन कॉपी ठेवा, त्यातली एक गावाबाहेर.

आणि शहरात गेलेल्या पोरांना विसरू नका, आजीला दर आठवड्याला ठरलेल्या वेळी त्यांचा व्हिडिओ कॉल लावून द्या, आणि त्यांच्या लहानग्यांना सुट्टीत काही आठवडे तरी गावात पाठवा, आईबाप बरोबर नसले तर जास्तच चांगलं.