औषधी वनस्पतीचा अर्क जंतूंवर कसा तपासावा

कोकणात तापावर किराईताचा काढा पूर्वापार दिला जातो. अशी एखादी वनस्पती पदव्युत्तर प्रकल्पासाठी निवडली, की आधी तिची ओळख पक्की करावी. किराईत, म्हणजे काळमेघ, आणि हिमालयातले काडेचिराईत या वेगवेगळ्या कुळांतल्या वनस्पती असूनही बाजारात त्यांची गल्लत होते; म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातली पुडी न वापरता फुलोऱ्यासह नमुना स्वतः गोळा करून तज्ज्ञ वनस्पतिशास्त्रज्ञाकडून तपासून घ्यावा आणि वनस्पतिसंग्रहालयात जमा करून त्याचा क्रमांक नोंदवावा.

त्यानंतर सावलीत वाळवलेल्या पानांची १० ग्रॅम भरड १०० मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये २४ तास हलती ठेवावी, गाळावी आणि द्रावक कमी दाबाखाली, ४० अंश सेल्सिअसच्या आसपास उडवावा. किराईतातले अँड्रोग्राफोलाइड हे मुख्य कडू द्रव्य पाण्यात फारच कमी विरघळते, त्यामुळे केवळ पाण्याच्या अर्कावरून निष्कर्ष काढू नये. उष्णतेबाबतची सावधगिरीही अनाठायी नाही : चीनच्या यूयू तू यांना चिंगहाओ वनस्पतीच्या अर्कातून हिवतापाविरुद्ध खात्रीचा परिणाम १९७१ मध्ये मिळाला, तो कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरल्यावर, त्यातूनच पुढे आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचे औषध हाती आले.

अर्क डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात विरघळवून, जिवाणू पसरलेल्या म्युलर-हिंटन आगारवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर, पाडलेल्या ६ मिलिमीटरच्या खाचांत घालावा. शेजारी ज्ञात प्रतिजैविक आणि नुसते डीएमएसओ असलेच पाहिजे. त्यांच्याविना केलेली चाचणी माझ्या मते नोंदवण्याच्याही लायकीची नाही. खाचेभोवती पसरलेल्या हरितद्रव्याच्या हिरव्या कड्यालाच विद्यार्थी पुष्कळदा प्रतिबंधक वलय, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबलेला भाग, समजतात. प्लेट उजेडासमोर धरावी. कड्याच्या आत जिवाणूंची वाढ दिसली, तर ते वलय मोजू नये.

शिवाय तेलकट घटक आगारात नीट पसरत नाहीत, म्हणून वलयाच्या रुंदीवरून दोन अर्कांची तुलना करण्यापेक्षा ९६ खाचांच्या प्लेटमध्ये अर्क दर वेळी निम्मा पातळ करत न्यावा आणि किमान प्रतिबंधक मात्रा, म्हणजे वाढ रोखणारी सर्वांत कमी मात्रा, काढावी. गडद अर्कात गढूळपणा कळत नाही. तिथे रेझाझुरिन हे रंगद्रव्य घालावे, जे वाढ झाल्यास निळ्याचे गुलाबी होते. कच्च्या अर्काची ही किमान मात्रा १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी आली, तर घटक वेगळे करण्याचे कष्ट घ्यावेत.

अर्क हिवतापावर तपासायचा असेल, तर त्याचा परजीवी मानवी तांबड्या पेशींत वाढवावा लागतो. ती सोय महाविद्यालयात सहसा नसते, म्हणून अर्क त्या विषयातील संस्थेकडे द्यावा आणि मानवी पेशींवरील विषारीपणाही सोबत तपासून घ्यावा; पेशींना मारणारी मात्रा परजीवीला रोखणाऱ्या मात्रेच्या निदान दहापट असावी, अशी अपेक्षा साधारणपणे धरतात.