मेल सर्व्हरवर ब्लॉकलिस्ट लावताना या चुका टाळा

ब्लॉकलिस्ट म्हणजे ज्यांच्याकडून मेल घेऊ नये अशा आयपींची, म्हणजे इंटरनेटवरच्या मशीनच्या आकडी पत्त्यांची यादी. ती वापरणाऱ्या मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. एक म्हणजे, "ब्लॉकलिस्ट लावली तरी स्पॅम काही कमी होत नाही." दुसरी अगदी उलट: "सकाळपासून बाहेरचा एकही मेल आत आलेला नाही." गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ बऱ्याचदा एकच निघतं. यादीला प्रश्न कुठून विचारला जातोय आणि तिनं दिलेलं उत्तर सर्व्हर नीट वाचतोय का, हे कुणी तपासलेलंच नसतं.

ही चौकशी डीएनएसमधून, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेतून होते. समजा १९२.०.२.४५ या आयपीवरून कुणी मेल द्यायला आलं. आपला सर्व्हर आकडे उलटे करतो, ४५.२.०.१९२ च्या पुढे यादीचं नाव जोडतो आणि त्या नावाचा पत्ता विचारतो. आयपी यादीत नसेल तर 'असं नाव अस्तित्वात नाही' असं उत्तर येतं. असेल तर १२७.०.०.२ सारखा पत्ता येतो, आणि त्याचा शेवटचा आकडा महत्त्वाचा असतो. स्पॅमहाउस या संस्थेच्या झेन या एकत्रित यादीत २ म्हणजे एसबीएल आणि ३ म्हणजे सीएसएस, या दोन्ही स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्या; ४ म्हणजे एक्सबीएल, म्हणजे बहुधा व्हायरस शिरलेलं मशीन. १० आणि ११ म्हणजे पीबीएल, तिच्याबद्दल पुढे.

सार्वजनिक डीएनएसमधून विचारणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. सर्व्हर उभा करताना डीएनएससाठी गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ टाकून दिलेला असतो आणि पुढे त्याकडे कुणी बघत नाही. स्पॅमहाउसची मोफत सेवा अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून (डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरमधून) आलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देत नाही, कारण विचारणारा कोण आणि तो किती वेळा विचारतोय हे तिकडे कळत नाही. उत्तर येतं १२७.२५५.२५५.२५४. हा 'काहीतरी चुकलंय' असं कळवणारा संदेश आहे, आयपी यादीत असल्याची खूण नव्हे. पण पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये यादीचं नुसतं नाव लिहिलं असेल तर त्याला आलेलं कुठलंही उत्तर 'यादीत आहे' असंच वाटतं आणि तो येणारा प्रत्येक मेल परत लावतो. उलट सेटिंगमध्ये फक्त २ ते ११ हेच आकडे मान्य केले असतील तर मेल येत राहतात, पण गाळणी बंद पडलेली असते. वर सांगितलेल्या दोन तक्रारी या अशा एकाच चुकीतून निघतात.

खात्री करायला मिनिटभर पुरतं. मेल सर्व्हरवरच लॉगिन करा, स्वतःच्या लॅपटॉपवरून नको, आणि डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडनं आधी २.०.०.१२७ आणि मग १.०.०.१२७ च्या पुढे झेनचं नाव जोडून विचारा. १२७.०.०.२ हा आयपी चाचणीसाठी प्रत्येक यादीत असलाच पाहिजे आणि १२७.०.०.१ कधीही नसला पाहिजे, असं २०१० च्या आरएफसी ५७८२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ठरलेलं आहे. पहिल्याला उत्तर आलं आणि दुसऱ्याला आलं नाही, तर सगळं ठीक. १२७.२५५ नं सुरू होणारं काही आलं, तर रिझॉल्व्हर बदला.

सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवणं हा उत्तम उपाय. मात्र त्यात फॉरवर्डर (प्रश्न ज्याच्याकडे पुढे पाठवायचे तो सर्व्हर) म्हणून पुन्हा ८.८.८.८ भरू नका. अनबाउंड बसवूनही हीच चूक राहून गेलेले सर्व्हर पुष्कळ आहेत. क्लाउडवरच्या सर्व्हरचं रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून मिळणारं नाव, सर्वसाधारण असेल तर स्वतःच्या रिझॉल्व्हरलाही हेच चूक कळवणारं उत्तर मिळू शकतं. तिथे स्पॅमहाउसकडे नोंदणी करून डीक्यूएस या त्यांच्या सेवेची की, म्हणजे आपली ओळख पटवणारा कोड, घ्यावी. काहीही केलं तरी पोस्टफिक्समध्ये यादीच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह देऊन १२७.०.०.[२..११] एवढीच उत्तरं मान्य करा.

आपल्याच माणसांना अडवणं

पीबीएलमध्ये नाव असणं हा आरोप नाही. घरगुती ब्रॉडबँड, मोबाइल डेटा अशा आयपींवरून थेट दुसऱ्याच्या सर्व्हरला मेल जायला नको, एवढंच ती यादी सांगते. पण ऑफिसातली माणसं घरून किंवा प्रवासातून मेल पाठवतात ती अशाच आयपींवरून. आपल्याकडे तर मोबाइल डेटावर कितीतरी ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात. त्यातल्या एकाच्या फोनमध्ये व्हायरस असला तरी तो आयपी एक्सबीएलमध्ये जाऊ शकतो. म्हणून ५८७ पोर्टवर, जिथे पासवर्ड देऊन मेल पाठवला जातो, तिथे ब्लॉकलिस्ट लावूच नये. एकाच ठिकाणी सगळे नियम असतील तर लॉगिन केलेल्यांना परवानगी देणारा नियम ब्लॉकलिस्टच्या आधी हवा. पोस्टफिक्स नियम वरून खाली वाचतो.

सर्व्हरच्या पुढे गेटवे, म्हणजे मेल आधी घेऊन आत पाठवणारा दुसरा सर्व्हर, असेल तर तिथेही लक्ष घाला. पोस्टफिक्सला प्रत्येक मेल त्या गेटवेच्याच आयपीवरून आलेला दिसतो, त्यामुळे तपासणी गेटवेवरच व्हायला हवी. स्पॅमअसॅसिन हा स्पॅम ओळखणारा प्रोग्राम वापरत असाल तर आपले अंतर्गत सर्व्हर कोणते हे त्याला नीट सांगा.

बंद पडलेल्या याद्या

जुन्या सेटिंगमध्ये अजून सॉर्ब्स ही यादी दिसते. ती जून २०२४ मध्ये बंद झाली. एनजेएबीएल २०१३ मध्येच गेली. मेलेली यादी आपल्याला काय करणार, असं वाटतं, पण ओआरडीबीचं उदाहरण बघा. ती डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी लोक विचारतच राहिले. शेवटी मार्च २००८ मध्ये तिनं प्रत्येक आयपीला 'यादीत आहे' असं उत्तर द्यायला सुरुवात केली आणि बेसावध सर्व्हरांनी सगळेच मेल नाकारले. एएचबीएलनंही २०१५ च्या सुरुवातीला हेच केलं. कुठून तरी उचललेली दहा याद्यांची सेटिंग तशीच चिकटवू नका.

एकाच यादीच्या शब्दावर मेल नाकारणं

झेनच्या शब्दावर मेल नाकारायला माझी हरकत नाही. बाकी याद्यांबाबत मात्र सावध राहावं. यूसीईप्रोटेक्टची तिसरी पातळी तर अख्ख्या नेटवर्कला यादीत घालते, म्हणजे शेजाऱ्याच्या स्पॅमची शिक्षा सभ्य सर्व्हरला. तिच्या भरवशावर मेल परत लावणं मला चूक वाटतं. पोस्टफिक्सच्या पोस्टस्क्रीन या दारावरच तपासणी करणाऱ्या भागात याद्यांना गुण देता येतात: झेनला ३, बाराकुडाला २, स्पॅमकॉपला १ आणि नाकारण्याची मर्यादा ३. अशानं कमजोर यादी एकटी निर्णय घेऊ शकत नाही. बाराकुडाकडे आधी नोंदणी करावी लागते, हे विसरू नका.

नाकारायचं ते दारातच, एसएमटीपीचं, म्हणजे दोन सर्व्हरमधलं मेल देण्याघेण्याचं, बोलणं चालू असतानाच. आधी मेल स्वीकारून मग बाउन्स, म्हणजे 'मेल पोहोचला नाही' असा निरोप, पाठवला, तर ज्याचा पत्ता स्पॅमरनं चोरून लावलाय त्या निरपराध माणसाच्या इनबॉक्समध्ये तो जाऊन पडतो. गुपचूप फेकून देणं त्याहून वाईट. एखाद्या मुलीचा नोकरीचा अर्ज चुकून अडला, तर पोहोचला नाही हे निदान तिला कळायला हवं, म्हणजे ती फोन तरी करेल.

चांगला मेल अडलाच तर

लॉगमध्ये 'ब्लॉक्ड युझिंग' शोधा. आयपी आणि यादी एकाच ओळीत मिळतात. मग तोच आयपी डिगनं विचारून शेवटचा आकडा वाचा. त्याच नावाचं टीएक्सटी रेकॉर्ड (डीएनएसमधली मजकुराची नोंद) मागितलं तर कारण कुठे वाचायचं तो दुवाही मिळतो. स्पॅमकॉप असेल तर तक्रारी थांबल्यावर २४ तासांत नाव आपोआप निघतं. पीबीएल असेल तर ज्याचा आयपी आहे त्यानं अर्ज करायचा. तोवर सूट द्यायची झाली तर फक्त त्या आयपीला द्या, आणि तो नियम ब्लॉकलिस्टच्या वर ठेवा. पाठवणाऱ्याच्या डोमेनला कधीही सूट देऊ नका; ते नाव कुणीही लावू शकतं. पोस्टमास्टरचा (सर्व्हर सांभाळणाऱ्याचा) पत्ता सगळ्यांसाठी उघडा ठेवा, नाहीतर अडलेल्या माणसानं तक्रार करायची कुठे?

नवीन यादी आणायची असेल तेव्हा तिच्या नियमाआधी वॉर्न-इफ-रिजेक्ट (मेल न नाकारता फक्त लॉगमध्ये नोंद करायला सांगणारी सूचना) लावा आणि काही दिवस फक्त लॉग वाचा. त्यात आपल्या ग्राहकांचे, बँकेचे किंवा शाळेचे सर्व्हर दिसले, तर ती यादी नाकारण्यासाठी वापरू नका.