एम्फिसेमाचं ऑपरेशन ठरलंय? या चुका टाळा

फुप्फुस आधीच अधू, त्यातलाच तुकडा कापायचा, मग दम कमी कसा लागणार? घरोघरी हा प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. एम्फिसेमात फुप्फुस जुन्या इलॅस्टिकसारखं सैल पडतं. आत गेलेली हवा बाहेर निघत नाही, छाती फुगलेलीच राहते. सगळ्यात खराब झालेला, साधारण २० ते ३० टक्के भाग काढला की उरलेल्या फुप्फुसाला आणि श्वासपटलाला (छाती-पोटामधल्या श्वासाच्या स्नायूला) हलायला जागा होते. एवढंच. नवं फुप्फुस मिळत नाही, औषध ओढायचा पंप (इनहेलर) सुटत नाही.

‘त्यांचं झालं, मग आमचंही करा’ हा हट्ट महागात पडतो. अमेरिकेत या ऑपरेशनची १२१८ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २००३ साली आले. आजार मुख्यतः वरच्या भागात आणि चालण्याची ताकद कमी, अशांना सर्वाधिक फायदा झाला. उलट, फुंकण्याच्या तपासणीत ताकद अपेक्षेच्या २० टक्के किंवा त्याखाली आणि आजार सगळीकडे सारखा पसरलेला, किंवा रक्तात वायू शोषण्याची क्षमताही तितकीच खालावलेली, अशांतले १६ टक्के ऑपरेशननंतर महिन्याभरात दगावले. तेव्हा सिटी स्कॅन बघून डॉक्टर ‘नको’ म्हणाले, तर ‘हो’ म्हणणारा शोधत फिरू नका.

बिडी लपवू नका. निदान चार महिने आधी ती पूर्ण बंद हवी, आणि रक्ता-लघवीत निकोटिनचा माग लागतोच. मिश्री लावणाऱ्या बायकांचीही तपासणी पॉझिटिव्ह येते, म्हणून तेही आधीच सांगा. ऑपरेशनआधीचे सहा ते दहा आठवड्यांचे व्यायाम ‘नंतर करू’ म्हणून टाळले, तर त्याची किंमत आयसीयूत चुकवावी लागते.

आता ऑपरेशननंतरची खाटेखालची बाटली. नातेवाईक सगळ्यात जास्त घाबरतात ते हिलाच. छातीतून आलेली नळी पाण्यात बुडलेली असते आणि पेशंट खोकला की बुडबुडे येतात. एम्फिसेमाचं फुप्फुस ओल्या कागदासारखं, टाक्यांतून हवा झिरपणारच. त्या अमेरिकी चाचणीत ऑपरेशन झालेल्या सुमारे ९० टक्के रुग्णांना ही गळती झाली आणि निम्म्यांची आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकली. तेव्हा बुडबुडे दिसले म्हणून ऑपरेशन फसलं असं नाही. चूक होते ती पेशंटला संडासला नेताना: कुणीतरी मदत म्हणून बाटली खांद्याइतकी उचलतं आणि पाणी उलटं छातीकडे जाऊ शकतं. बाटली कायम छातीच्या खाली, उभी. नळीला आपल्या मनाने चिमटा लावायचा नाही. बुडबुडे एकदम थांबून धाप वाढली, नळी निसटली, किंवा मानेखालची कातडी फुगून दाबल्यावर कुरकुरली, तर तडक नर्सला हाक मारा.

दुखतं म्हणून खोकला दाबणं ही पेशंटची नेहमीची चूक. कफ साचला की न्यूमोनिया. उशी छातीशी घट्ट धरून खोका आणि वेदनाशामक मागायला लाजू नका.

घरी आल्यावर चार दिवसांत जिना चढायची घाई नको, फरक कळायला काही महिने जातात. ऑक्सिजन चालू असेल तर देवघरातल्या समईपासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब बसा. पूजा घरातलं दुसरं कुणी करेल.