पहिल्याच मीडला विचित्र वास-चव येतेय? या चुका टाळा

मीडची (म्हणजे मध-पाणी यीस्टने आंबवून केलेल्या दारूची) बॅच चाखली आणि तोंड वाकडं झालं तरी लगेच ओतून देऊ नका प्लीज. महिन्याभराचं मीड बहुतेक वेळा चरचरीतच लागतं, आणि त्यातली साखर यीस्टने खाऊन टाकलेली असते त्यामुळे मधासारखं गोड लागेल अशी अपेक्षा असेल तर ते कोरडं, आंबट आणि पाणचट वाटतं. तो दोष नाही. खरा दोष बहुतेक वेळा आधी नाकाला कळतो, म्हणून पहिल्यांदा नीट वास घ्या.

सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे यीस्ट उपाशी आहे. पहिल्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, कारण आपल्याला वाटतं मधात एवढी साखर आहे मग यीस्टला अजून काय हवं, पण मधात नायट्रोजन जवळपास नसतोच आणि तो मिळाला नाही की यीस्ट हायड्रोजन सल्फाईड सोडायला लागतं. म्हणून यीस्ट न्यूट्रिएंट (नायट्रोजन देणारं यीस्टचं खाद्य) द्यायचंच, आणि सगळं एकदम नाही, साधारण २४, ४८ आणि ७२ तासांनी थोडं थोडं, शेवटचा हप्ता एक तृतीयांश साखर संपेपर्यंत. (पावडर थेट टाकली तर गॅस उसळून फेस बाहेर येतो, आधी थोड्या पाण्यात कालवा.) उशिरा टाकलेलं न्यूट्रिएंट यीस्ट घेऊ शकत नाही, ते तसंच राहून खारट लागतं. सुरुवातीच्या दिवसांत वास आला तर न्यूट्रिएंट द्या, हलक्या हाताने ढवळून गॅस काढा, बऱ्याचदा तेवढ्यावर वास जातो.

घशात जाळ, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास असेल तर बहुतेक तापमान चढलं होतं. बऱ्याच वाईन यीस्टना १८ ते २० डिग्री मानवतं, आणि लक्षात घ्या की जोरात आंबत असताना भांड्यातलं मीड खोलीपेक्षा काही डिग्री गरम असतं, त्यामुळे भिंतीवरचा थर्मामीटर बघून निर्धास्त राहू नका. भांडं पाण्याच्या टबात ठेवलं तरी फरक पडतो. झालेल्या बॅचला मात्र वेळच द्यावा लागतो, सहा महिने, कधी वर्ष. जळजळ बरीच निवते, थिनरचा वास तितका हमखास जात नाही.

आता हवेचं. यात खूप जण गोंधळतात कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत यीस्टला ऑक्सिजन हवा असतो, नंतर तोच शत्रू. आंबणं संपल्यावर भांडं अर्धं रिकामं राहिलं, एअरलॉकमधलं (गॅस बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेतलं) पाणी आटलं किंवा दुसऱ्या भांड्यात घेताना धबाधबा ओतलं तर ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. त्याच हवेवर अ‍ॅसिटिक बॅक्टेरिया वाढले तर व्हिनेगर. व्हिनेगर झालं की परत मीड होत नाही, ते व्हिनेगर म्हणूनच वापरा. त्यामुळे सायफनची नळी नव्या भांड्याच्या तळापर्यंत सोडा आणि भांडं गळ्यापर्यंत भरा.

औषधी, बँडेडसारखा वास आला तर पाण्यातलं क्लोरीन किंवा नीट न धुतलेलं ब्लीच तपासा. क्लोरीन उकळून जातं, काही ठिकाणी पाण्यात असणारं क्लोरामाईन (क्लोरीनचंच संयुग) तसं सहज जात नाही, त्याला पोटॅशियम मेटाबायसल्फाईट लागतं.

तळाच्या जाड गाळावर महिनोन्‌महिने सोडलं तर मेलेल्या यीस्टची रबरी, मांसासारखी चव उतरू शकते, वेळेत वरचं काढून घ्या.

आणि हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता, म्हणजे साखर किती उरली ते दाखवणारं साधन) घ्याच. ५ लिटरच्या बॅचला दीड किलो मध म्हणजे सुरुवात साधारण १.०९० ला होते, कोरडं झालं की आकडा १.००० च्या आसपास किंवा खाली येतो. बुडबुडे थांबले म्हणून बाटल्या भरू नका, दोन आठवडे आकडा हलला नाही तरच भरा, नाहीतर बाटली फुटते आणि काच उडून इजा होते.