तान्हं बाळ, कार सीट, विमान आणि टॅक्सी: निघण्याआधीची तयारी

तान्ह्या बाळाला घेऊन विमानाने जायचं ठरलं की सगळी काळजी विमानाभोवती फिरते. मी मात्र तयारी टॅक्सीपासून सुरू करायला सांगेन. या प्रवासातला सर्वांत जोखमीचा भाग म्हणजे विमानतळ ते मुक्काम हा रस्ता, आणि नेमकं तिथेच दमलेले आईबाप ‘जवळच तर जायचंय’ म्हणून बाळाला मांडीवर घेऊन बसतात. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या सरासरी वीसपट जोर येतो. सात किलोचं बाळ त्या क्षणी 140 किलोंसारखं ओढ घेतं. कितीही घट्ट धरलं तरी ते हातात राहू शकत नाही. स्वतःचा पट्टा बाळाभोवतीही गुंडाळला तर आणखी वाईट, कारण मग मोठ्या माणसाचं अख्खं वजन बाळावर येतं. कापडी झोळीही गाडीत संरक्षण देत नाही. कित्येक ठिकाणी टॅक्सीला कार सीटच्या, म्हणजे बाळाला पट्ट्यांनी बांधून बसवायच्या खास खुर्चीच्या, नियमातून सूट असते. ती असो वा नसो, आपली सीट सोबत असणार हे आधी पक्कं करा.

मग घरी एक दिवस शांतपणे बसून सीटचा बेस, म्हणजे गाडीत कायम बसवून ठेवलेला खालचा भाग, बाजूला काढा. रोजच्या गाडीत आपण बेसवर सीट टक्‌कन बसवतो आणि विसरतो. प्रवासात बेस नेण्याची गरज सहसा नसते, पण मग फक्त गाडीच्या पट्ट्याने सीट बसवता यायला हवी. आपली सीट अशी बसते का, हे माहितीपुस्तिकेत बघा. काही सीट आयसोफिक्स बेसशिवाय (गाडीच्या आसनातल्या कड्यांना अडकणाऱ्या बेसशिवाय) बसतच नाहीत, आणि तसं असेल तर प्रवासासाठी दुसरी सीट लागेल. पट्ट्याचा मार्ग सीटवर खुणांनी दाखवलेला असतो. अमेरिकी सीटमध्ये बहुधा कमरेचा पट्टा सीटवरच्या खाचांतून जातो, तर युरोपीय पद्धतीत खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून वळवून घेतात. जी पद्धत पुस्तिकेत असेल तीच खरी. बसवून झाल्यावर पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा घट्ट करा. बऱ्याच गाड्यांत खांद्याचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून सोडला की तो कटकट आवाज करत आत जातो आणि अडकून राहतो. सगळ्याच गाड्यांत ही सोय नसते, म्हणून शक्य असेल तर ओळखीच्यांच्या दोन वेगळ्या गाड्यांत सराव करा. जो बाळासोबत मागे बसणार, त्यानेच हे हाताने करून बघावं. पुस्तिकेतल्या त्या पानांचे फोटो फोनमध्ये घ्या. आणि सीट उलटी करून प्लॅस्टिकवर कोरलेली मुदतीची तारीखही बघून ठेवा.

आता विमान. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेऊन जाता येतं, त्यामुळे तिकीट काढताना बाळाला जागा आपोआप मिळत नाही. कार सीट वापरायची तर बाळाच्या नावाने वेगळी जागा घ्यावी लागते. माझ्या मते, खर्च झेपत असेल तर ती घ्यावीच. 1989 मध्ये अमेरिकेत सू सिटी इथे झालेल्या विमान अपघातात मांडीवरची चार मुलं होती. विमान आपटण्याआधी त्यांना विमानातल्या जमिनीवर, पालकांच्या पायांपाशी ठेवायला सांगावं लागलं. त्यातलं एक दगावलं. तेव्हापासून प्रत्येक मुलाला स्वतःची जागा असावी ही मागणी होत आली आहे. नुसत्या जोरदार हेलकाव्यातही मांडीवरचं बाळ उसळू शकतं.

सीटवरचं लेबल शोधा. अमेरिकेत विकलेल्या सीटवर ती मोटार आणि विमान दोन्हींसाठी प्रमाणित असल्याचं लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. युरोपीय सीटचे नियम प्रत्येक विमान कंपनीत वेगळे निघतात, म्हणून सीटचं मॉडेल आणि रुंदी सांगून कंपनीकडून लेखी उत्तर मागवा आणि ते जवळ ठेवा. विमानातली जागा साधारण 40 ते 45 सेंटिमीटर रुंद असते. खिडकीची जागा मागा, कारण मधे कार सीट असली की आतल्या प्रवाशाची वाट अडते. आपत्कालीन दाराची रांग चालत नाही, तिच्या पुढची-मागचीही बहुधा चालत नाही. काही जागांच्या पट्ट्यातच एअरबॅग असते, तिथेही कार सीट लावता येत नाही. बाळाचं तोंड मागे असेल तर पुढच्या प्रवाशाला पाठ मागे टेकवता येणार नाही. सोबत तिसरं कुणी असेल तर पुढची जागा त्यालाच द्या, वाद मिटतो.

विमानात फक्त कमरेचा पट्टा असतो, त्यामुळे सीट बसवणं सोपंच आहे. अडचण येते ती काढताना: बक्कल सीटखाली तोंड दाबून बसतं आणि उघडत नाही. लावतानाच ते उघडता येईल अशा दिशेला आहे ना, ते बघा. उतरताना बाळ, पिशव्या आणि सीट एका माणसाच्या हातात येणार नाहीत. कोण काय उचलणार हे आधीच ठरवा.

बाळासाठी जागा घेतली नसेल तर सीट बोर्डिंग गेटपर्यंत नेऊन तिथे सोपवा, चेक-इनच्या सामानात शक्यतो नको. सामानात आपटून आत गेलेला तडा बाहेरून दिसत नाही. जाड पिशवी आणि नावाची चिठ्ठी लावा. परत मिळाल्यावर टॅक्सीत ठेवण्याआधी कवच, पट्टे आणि बक्कल नीट तपासा. सुरक्षा तपासणीत बाळाला बाहेर काढून सीट यंत्रातून जाऊ द्यावी लागते, तेवढा वेळ हातात ठेवा.

टॅक्सी मागवताना कार सीट आहे आणि बसवायला पाच मिनिटं लागतील, हे ड्रायव्हरला आधीच सांगा. सामान डिक्कीत जाण्याआधी मागचं दार उघडून पट्टा आणि बक्कल दोन्ही आहेत का, ते बघा. बऱ्याचदा बक्कल कव्हरखाली गेलेलं असतं. ते मिळालंच नाही, तर दुसरी गाडी मागवा, संकोच करू नका. सीट नेहमी मागच्या बाजूला. पुढे चालू एअरबॅगसमोर मागे तोंड करून बसवलेली सीट जीवघेणी ठरते. बाळाचं जाड जॅकेट काढा, पट्टे खांद्याच्या उंचीवर किंवा किंचित खाली असू द्या, आणि चिमटीत घडी पकडता येणार नाही इतके घट्ट करा. थंडी असेल तर पांघरूण पट्ट्यांवरून घाला.

मुक्कामी पोहोचेपर्यंत बाळ गाढ झोपलेलं असेल आणि सीटसकट आत नेऊन तसंच ठेवावंसं वाटेल. तसं करू नका. गाडीबाहेर सीटचा कल बदलतो, मान पुढे पडून श्वास अडू शकतो. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर ही काळजी दुप्पट घ्या, आणि निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा की एका वेळी किती तास बसवलं तर चालेल. उतरणार तिथे सपाट, घट्ट गादीचा पाळणा मिळेल का, हे बुकिंग करतानाच विचारून ठेवा.