डिसॅबिलिटी पेन्शन: रिलीज बोर्डाला जायच्या आधी एवढं वाचा

आमच्या सातारा भागात घरटी एक फौजी, तरी डिसॅबिलिटी पेन्शन म्हटलं की निम्म्या लोकांना वाटतं अपंगत्वाचे टक्के मिळाले म्हणजे पैसे मिळाले. तसं नसतं भाऊ. कुलपं दोन आहेत. एक म्हणजे अपंगत्व किमान २०% पाहिजे, आणि दुसरं म्हणजे ते नोकरीमुळे झालं किंवा नोकरीमुळे वाढलं असं रिलीज बोर्डाने, म्हणजे फौजेतून सुटताना तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने, लिहिलं पाहिजे. बहुतेक जण दुसऱ्यावर अडकतात, ३०% लाइफ लाँग (कायमचं) लिहिलेलं असतं आणि पुढे एनएएनए, म्हणजे ना नोकरीमुळे झालं ना नोकरीमुळे वाढलं. झालं, क्लेम रिजेक्ट.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे रिलीज मेडिकल बोर्डाचा एएफएमएसएफ-१६ फॉर्म. त्यात तुमचं स्वतःचं स्टेटमेंट असतं, कुठे कुठे पोस्टिंग झालं, फील्ड (सीमेवरचं, कठीण भागातलं) की पीस (शांत भागातलं), त्रास कधी आणि कुठे सुरू झाला, आणि भरतीच्या आधी हा त्रास होता का. शेवटच्या प्रश्नाला लोक सहज लिहून जातात की हो लहानपणी थोडं व्हायचं, अरे बाबा, खरंच नव्हतं तर कशाला लिहिता! कारण २०१३ च्या धरमवीर सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीमुळे झाला असंच धरायचं, आणि तसं नाही म्हणायचं असेल तर कारणं बोर्डाने द्यायची. तुम्हीच हो लिहिलंत तर हा मुद्दा हातातून गेला. माझ्या वेळी क्लर्क म्हणाला उस्ताद इथे सही मारा, मी पान न उलटता मारली, तिथेच चुकलं.

दुखापत असेल तर इंज्युरी रिपोर्ट (आयएएफवाय-२००६) आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी (फौजेची अंतर्गत चौकशी) झाली असेल तर तिची कॉपी, हे युनिटमध्ये असतानाच घ्या, नंतर युनिट हलतं, क्लर्क बदलतो आणि फाइल कुठे गेली ते देवाला माहीत. आता सुटूनच आला असाल तर रेकॉर्ड ऑफिसकडे मेडिकल कागद मागा (मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिकला), नाही दिले तर दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून आरटीआय टाका.

पैशाचं गणित सोपं आहे. १००% अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, शेवटच्या पगाराच्या ३०%. समजा पगार ५०,००० धरला तर १५,००० झाले, आणि तुमचे टक्के ३० असतील तर त्यातले ४,५००. पण इथे ब्रॉड बँडिंग येतं, ५० च्या खालचे ५० धरतात, म्हणजे ४,५०० चे ७,५०० होतात, वर महागाई वेगळी. मुदत भरून रिटायर झालेल्यांनाही हे मिळालं पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार केसमध्ये ठरवलंय, तरी आपोआप लागेल या भरवशावर बसू नका, पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या कागदावर) किती टक्के छापलेत ते बघा. हो, आणि हे सगळं जुन्या नियमातलं. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सुटलेल्यांना २०२३ चे नवे नियम लागतात, पूर्ण नोकरी करून सुटलेल्यांसाठी त्यात शब्दच इम्पेअरमेंट रिलीफ असा आहे, त्यांनी आधी ते नियम वाचावेत.

रिजेक्शनचं पत्र आलं की त्यावरची तारीख आणि पाकीट दोन्ही जपून ठेवा. पहिलं अपील सहा महिन्यांत. त्यात रडगाणं नको, मी देशासाठी एवढं केलं वगैरे सगळेच लिहितात. भरतीला फिट होतो, अमुक साली अमुक फील्ड पोस्टिंग, तिथे असताना अमुक तारखेला अॅडमिट, बोर्डाने कारण दिलेलं नाही, बस. ते फेटाळलं तर दुसरं अपील, मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, आपल्याला मुंबईचं बेंच. उशीर झाला असला तरी दार बंद नसतं, पण मागच्या थकबाकीला कात्री लागू शकते, २००८ च्या तरसेम सिंग केसमध्ये ती तीन वर्षांपुरतीच दिली होती. अपील लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, फुकट आहे. थकबाकीतले टक्के मागणारे एजंट गेटवरच भेटतील, त्यांना डिस्चार्ज बुकची ओरिजिनल प्रत अजिबात देऊ नका, आणि स्पर्शचा (पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलचा) पासवर्ड तर नाहीच नाही.